जावई पॅकिंगमध्ये असतात

माझे सासरे, आप्पा, कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे अडते. लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला विचारलं, "काय करता आपण?" मी नम्रपणे सांगितलं, "सॉफ्टवेअर पॅकेजिंगची साधनं तयार करतो." त्यातला पहिला शब्द त्यांनी लग्नपत्रिकेवरच्या 'श्री गजानन प्रसन्न'सारखा डोळ्यांखालून जाऊ दिला आणि दुसरा घट्ट धरला. त्या संध्याकाळपर्यंत निम्म्या शाहूपुरीला कळलं होतं : "जावई पुन्याचे हाईत. पॅकिंगमध्ये असत्यात."

पहिल्या दिवाळीला पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला ते मला मार्केट यार्डात घेऊन गेले. तीस किलोच्या गूळ रव्यांच्या रांगा, हवेत तो गोड-करपट वास, आणि चार व्यापारी माझ्याभोवती. एकाने अदबीने विचारलं, "एक किलोच्या रव्याला डबा बरा पडंल का पिशवी?" मी म्हणालो, "ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं तर माझ्या धंद्यातलं एवढं एकच वाक्य मला छातीठोकपणे बोलता येतं. आमचं सगळं कशावर तरी अवलंबूनच असतं.

पुढे कधीतरी मी त्यांना नीट समजावायला बसलो. म्हटलं, आप्पा, कुठलाही प्रोग्रॅम एकटा चालत नाही. त्याला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. 2016 साली एका माणसाने रागावून आपला अकरा ओळींचा एक तुकडा सार्वजनिक कोठारातून काढून घेतला, तर जगभर हजारो प्रोग्रॅम बांधता येईनात. त्या तुकड्याचं काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या. आप्पा म्हणाले, "सुतळी संपली की पाच गाड्या माल तसाच ऱ्हातोय की. त्यात काय नवल?"

मग मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कोठाराकडे वळलो. पायपीआय त्याचं नाव, 2003 पासून चालू आहे. कुणीही आपला प्रोग्रॅम बांधून तिथे ठेवावा, कुणीही फुकट उचलावा. या बांधलेल्या गठ्ठ्याला 'व्हील' म्हणतात, पण ते गाडीचं चाक नव्हे. कोठाराचं जुनं टोपणनाव 'चीज शॉप', म्हणून गठ्ठा म्हणजे चीजची गोल ढेप.

"ढेप?" आप्पा सरळ बसले. "मग आदी सांगायचं न्हाई का! तुमी ढेपा बांधताय."

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी धंद्यातला माणूस झालो. ढेपा फुकट वाटतो हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरची अब्रू.

आमचं साधन अगदी लहान आहे आणि ते तिघे जण सांभाळतात : एक पोलंडमध्ये, एक ब्राझीलमध्ये आणि मी कोथरूडमध्ये. पगार कुणालाच नाही. ढेप बाहेर पडण्याआधी ती तपासायची, हे त्याचं काम. एखादी फाइल आत घालायची राहिली का? या प्रोग्रॅमला जे जे लागतं ते सगळं यादीत लिहिलंय का? कारण 'माझ्याकडे तर चालतंय' हा आमच्या व्यवसायातला मधुमेह आहे. लिहिणाऱ्याच्या संगणकावर सगळं आधीपासून असतं, म्हणून त्याला कशाची गरज आहे हेच त्याला आठवत नाही. आमच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य आहे : 'तुम्हाला जे लागतं ते निघण्यापूर्वी लिहून काढा.' ते मी लिहिलं आहे. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

11 जुलै 2024, गुरुवारी रात्री मी 2.4.0 ही आवृत्ती कोठारात टाकली, लॅपटॉप मिटला आणि शुक्रवारी आम्ही कोल्हापूरला गेलो. शनिवारपासून पन्हाळ्यावर दोन दिवस मुक्काम, आप्पा-आईंसह. बायकोची अट एकच : फोन तिच्या पर्समध्ये राहील. मी उदारपणे मान्य केली, कारण लॅपटॉप माझ्या पाठीवर होता.

त्या शनिवारी 13 जुलै होता हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज याच दिवसांतल्या एका रात्री पावसात निसटले आणि विशाळगडाच्या वाटेला लागले. त्या वाटेने पावनखिंडीपर्यंत चालायला दर वर्षी माणसं लोटतात. वाघबिळापासून वर चढताना रस्त्याच्या कडेने सॅक पाठीवर घेतलेल्या पोरांच्या रांगाच रांगा. सॅकवर प्लॅस्टिकचं आवरण, चटई गुंडाळून खाली बांधलेली, बॅटरी बाहेरच्या कप्प्यात. आप्पा कौतुकाने बघत म्हणाले, "काय बांधलंय पोरांनी! बघा जावईबापू." मी व्यावसायिक नजरेने बघितलं.

वर धुकं इतकं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. खोलीवर पोचल्यावर बायको म्हणाली, "तुझा फोन सारखा गुरगुरतोय. एकदाच बघ." बघितला. फ्रान्समधल्या एका गृहस्थांनी कळवलं होतं की आमच्या नव्या आवृत्तीने त्यांच्या ढेपेतली एक फाइल गिळली. खाली सतरा जणांनी लिहिलं होतं : 'आमचीही.'

त्यांच्या फाइलच्या नावात डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच 'ई' होता. आजार कळायला मला मिनिटभर लागलं. मराठी माणसाला तो फ्रेंच माणसापेक्षा लवकर कळतो. आपला 'ऱ' घ्या, 'दऱ्या'मधला. संगणकात तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, 'ऱ' हे सबंध एकच चिन्ह. दोन, साधा 'र' आणि त्याच्या खाली सुटं टिंब, म्हणजे नुक्ता. 'दऱ्या' लिहिलं की र चंद्रकोरीसारखा होऊन य ला चिकटतो आणि टिंब दिसतसुद्धा नाही, पण आत ते असतं. डोळ्यांना दोन्ही 'दऱ्या' सारख्याच. संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावं. यादीत एक 'दऱ्या', तबकडीवर दुसरी, आणि आमचं साधन म्हणणार, ही फाइल यादीत नाही, टाका बाहेर. दोन्ही नावं आधी एका साच्यात आणायची आणि मग ताडून बघायची, की झालं. ती ओळ जुन्या आवृत्तीत होती. गुरुवारी रात्री 'हिचं काय काम?' म्हणून मीच काढली होती.

टिंबाची गोष्ट इथे संपत नाही, पण आधी चार्जरची.

बायकोला तोंडभर वचन देऊन ('अर्धा तास! देवाशप्पथ!') मी लॅपटॉप उघडला. बॅटरी अकरा टक्के. बॅग उघडली. छत्री, दोन पुस्तकं, एक जुना उंदीर (संगणकाचा), त्या उंदराची सुटी बॅटरी. चार्जर नाही. आणि मग लख्ख आठवलं : कोथरूड, बैठकीची खोली, पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड, तिसरं बटण. बहुधा चालूच.

"फ्रिजवर यादी लावली होती," बायको म्हणाली.

"तुझ्या यादीत माझा चार्जर नव्हता."

"होता. 'चार्जर – तुझा तू' असं लिहिलं होतं. लाल पेनाने."

जगभरच्या प्रोग्रॅमरांना 'गरजा लिहून काढा' असं बजावणाऱ्याने दुसऱ्याने लिहिलेलीही वाचली नव्हती. ती पुढे काही बोलली नाही. मुलांना आणि आईंना घेऊन तीन दरवाज्याकडे झुणका-भाकर खायला निघून गेली, आणि वचनाप्रमाणे फोन पर्समध्ये. मागे उरलो मी, आप्पा आणि अकरा टक्के.

लॅपटॉप आठ वर्षांचा, जाड, गोल पिनेचा. नवा घेणं मला तत्त्वात बसत नाही, असं मी लोकांना सांगतो. अशी पिन हल्ली कुणाकडे असणार? आप्पांनी घरमालकांना हाक मारली, घरमालकांनी मुलीला. मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी. करते. तिने पिन बघितली, आत गेली आणि चार्जर आणून माझ्या हातात दिला. "कॉलेजच्या सीनियरनं जुना लॅपटॉप विकला मला. असलाच." मी चार्जर भिंतीला लावला, आणि लाईट गेली.

पन्हाळ्यावर जुलैत लाईट जाण्यात बातमी काही नाही. दीड तासाने आली. तोवर मी सात टक्क्यांवर ती काढलेली ओळ परत घातली आणि खात्री करायला 'दऱ्या' नावाच्या दोन फाइली बनवल्या, एक सबंध 'ऱ'ची, एक सुट्या टिंबाची. दोन्ही ढेपेत गेल्या. आप्पा शेजारी खुर्चीत बसून बघत होते. "दोनी सारकंच दिसतंय की," ते म्हणाले. मी म्हटलं, तीच तर अडचण होती.

आता वर चढवायची. त्याला नेटवर्क हवं आणि ते खोलीत नव्हतं. गडावर एवढी माणसं आली की टॉवरचा श्वास कोंडतो. मुलगी म्हणाली, "सज्जा कोठीकडे मिळतंय. तिथनं कोल्हापूर समोर पडतं." मग आमची वरात निघाली. पुढे मुलगी, तिच्या फोनवरून मला इंटरनेट मिळणार होतं. मधे मी, लॅपटॉप बनियनमध्ये गुंडाळून पोटाशी. मागे आप्पा, माझ्या डोक्यावर छत्री. संभाजी महाराज जिथे राहिले त्या सज्जा कोठीच्या आडोशाला आम्ही बसलो. समोर एरवी जोतिबाचा डोंगर दिसतो. त्या दिवशी समोर पांढरा कागद होता.

कोठारात शिरायची माझी जुनी किल्ली कोथरूडच्या दुसऱ्या संगणकात. नवी काढायची तर आत जायला हवं, आणि त्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून पायपीआयने दुहेरी ओळखीची सक्ती सगळ्यांना केली होती. पासवर्ड द्या, वर फोनवर दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडे द्या. फोन तीन दरवाज्यात झुणका-भाकर खात होता.

"आकडे कशाला आनि?" आप्पांनी विचारलं.

मी त्यांना एक्सझेडची गोष्ट सांगितली. फाइली दाबून लहान करणारं हे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. 'जिया तान' असं नाव सांगणारा कुणीतरी दोनेक वर्षं त्यात इमानाने मदत करत राहिला, हळूहळू सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावून किल्ल्या मिळवल्या आणि 2024 च्या सुरुवातीला आवृत्ती 5.6.0 मध्ये चोरदरवाजा बसवला. मार्चच्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला लॉगइन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो त्याच्या मागे लागला, म्हणून जग वाचलं.

आप्पांच्या चेहऱ्यावर प्रथमच माझ्या धंद्याविषयी खरी आस्था दिसली. "फितुरी!" ते म्हणाले. पन्हाळ्यावर उभ्या माणसाला एवढा एक शब्द पुरतो.

बायकोचा नंबर मला पाठ नव्हता. (हे वाक्य ती वाचणार आहे.) आप्पांना लेकीचा नंबर पाठ होता. त्यांनी आपल्या बटणांच्या फोनवरून लावला आणि फोन माझ्या कानाला धरला.

"माझा फोन काढ. त्यात ते निळं चिन्ह आहे ना, त्यातले सहा आकडे सांग. लवकर, तीस सेकंदांत बदलतात."

"हात खर्ड्याचे आहेत."

"मुलीला सांग!"

"तिचे दह्याचे आहेत. थांब. चार... सात... काय रे हे, बदललं."

"नवे सांग!"

"नऊ, शून्य, दोन," आणि रेंज गेली. पुन्हा लावला. मागून आईंचा आवाज : "कसले आकडे विचारतायत गं? ओटीपी कुनाला द्यायचा नसतो म्हनून टीव्हीवर सांगत्यात!" बायकोने त्यांना सांगितलं की हा आपलाच माणूस आहे. आईंनी विचारलं, "खात्री हाय?" सर्व सुरक्षातज्ज्ञांत मला त्या सगळ्यात वरच्या वाटतात. चौथ्या फेरीत सहाच्या सहा आकडे एका दमात आले आणि मी आत शिरलो. नवी किल्ली काढली. बोटं गारठलेली, छत्रीतून एक थेंब बरोबर मानेवर पडत होता, मुलीच्या फोनची बॅटरी लाल. आवृत्तीचा आकडा टाकला, एन्टर मारलं. ढेप गेली. आप्पांनी पाठीवर थाप मारली.

मुलगी पडद्याकडे बघत होती. "काका," ती हळूच म्हणाली, "टिंब राहिलं का ओ?"

मला द्यायची होती 2.4.1. पडद्यावर होतं 24.1.

आता हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण या कोठारात एक कडक नियम आहे. एका नावाने एकदा आलेली फाइल काढून टाकता येते, पण त्याच नावाने पुन्हा कधीच ठेवता येत नाही. आवृत्ती मागेही घेता येते, 'ही नका घेऊ' अशी पाटी लावून, पण ज्यांनी घेतली त्यांच्याकडे ती राहते. आणि जगातल्या प्रत्येक संगणकाला पहिल्या इयत्तेचं गणित येतं : 24 हे 2 पेक्षा मोठं. यापुढे मी 2.4.2 काढली, 2.9 काढली, मरेपर्यंत काढत राहिलो, तरी ज्यांच्याकडे 24.1 पोचली आहे त्यांचे संगणक म्हणणार, आमच्याकडे याहून नवी आहे, नको. यावर एक अधिकृत औषध आहे : आकड्याच्या आधी एक आणि उद्गारचिन्ह लावायचं, म्हणजे 'येथून नवा शक सुरू' अशी दवंडी. पण ते एकदा लावलं की ढेपेच्या कपाळावर कायमचं गोंदलं जातं. दर आवृत्तीबरोबर जग विचारणार, हे उद्गारचिन्ह कसलं? आणि मला सांगावं लागणार, पावसाचं.

हे सगळं मी आप्पांना सज्जा कोठीच्या पायरीवर बसून सांगितलं. आवाज बहुधा रडवेला असावा, कारण मुलगी आमच्यासाठी चहा बघायला गेली.

आप्पा शांत होते. "सौद्यात बी असंच असतंय," ते म्हणाले. "तोंडातनं आकडा गेला की गेला. आमच्या चुलत्यानी एकदा भर सौद्यात चुकून वरचा भाव पुकारला. सगळे हसायला लागले."

"मग?"

"मग काय? त्याच भावानं माल उचलला. आनि वरीसभर सांगत हिंडले, असला पिवळाजर्द रवा दुसरीकडं न्हवताच, म्हनून दिला भाव. लोकास्नी पटलं की. पुढच्या साली त्यो माल पिकवनाऱ्याकडं रांग लागली." थोडा वेळ धुक्याकडे बघून त्यांनी विचारलं, "साल कुठलं आता? चोवीस न्हवं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

पायथनच्या ढेपा उतरवून घेणारं पिप नावाचं साधन आहे, जगभर सर्रास तेच वापरतात. ते 2018 साली 10 वरून एकदम 18 वर गेलं होतं. चुकून नव्हे, त्यांनी ठरवून सालाचे आकडे घेतले होते. म्हणजे आमची 24.1 ही चूक नव्हतीच. ते धोरण होतं.

संध्याकाळी खोलीवर, लाईट असताना, मी दोन ओळींची सूचना लिहिली : यापुढे आमच्या आवृत्त्या सालानुसार असतील, पहिली, 24.1, आज प्रसिद्ध करत आहोत. पोलंडवाल्याचा निरोप तासाभरात आला. तो दोन वर्षं हेच म्हणत होता, मी अखेर ऐकलं याचा त्याला फार आनंद झाला होता. ब्राझीलवाल्याने अंगठा दाखवला. फ्रान्सच्या गृहस्थांनी त्यांची फाइल परत मिळाल्याचं कळवलं आणि वर लिहिलं की एवढा मोठा निर्णय इतक्या तडफेने घेणारे लोक हल्ली दुर्मीळ आहेत.

बायकोने ते वाचलं. "तडफेने," ती म्हणाली, आणि दिवा मालवला.

रविवारी आम्ही अंबारखाना बघितला. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत सोळा खण, प्रत्येक खणाला आपलं छत आणि छताला धान्य ओतायला भोक. मुलांनी आत ओरडून घुमारा ऐकला. आप्पा मात्र बाहेरच्या जिन्याने किती ओझं वर जात असेल याचा हिशोब करत होते. "मोजदाद वर भोकापाशीच करत असनार," ते ठामपणे म्हणाले. "आत पडल्यावर कोन मोजतंय?" आमचं साधन ढेप बांधून झाल्यावर मोजायला बसतं. यात काहीतरी चुकतंय हे मला त्या भोकाखाली उभं राहून कळलं, पण मी ते कुणाला बोललो नाही. एका मुक्कामात एवढी तडफ पुरे.

निघताना मी त्या मुलीला चार्जर परत दिला. तिने दोन्ही टोकं तपासली, वायर गुंडाळली, रबर लावलं.

सालानुसार आकडे देण्यात एक खोट असते, ती मला डिसेंबरात कळली. साल बदलतं. जानेवारी 2025 मध्ये आमच्याकडे नवं काहीच तयार नव्हतं, पण लोक विचारायला लागले, 25 कधी? शेवटी माहितीपुस्तिकेतल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका सुधारून मी 25.0 काढायला बसलो. या वेळी चार्जर भिंतीला होता, फोन हाताशी होता, बाहेर पाऊस नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. आप्पा.

"जावईबापू, नवं साल लागलं. आकडा बदलला न्हवं?"

"तेच करतोय, आप्पा."

"करा, करा. टिंब बघून."